ते सहा गुलाब मी बांधले होते

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र छापून आलंय. त्यांच्या आई-वडिलांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. आई-वडील आमच्या कुरुंदवाडपासून आठ किलोमीटरवर मळ्यात राहतात. मुलाला रजा मिळेना, म्हणून त्यांनी मोबाइलवरून १,२९९ रुपयांचा गुच्छ धाडला. चित्रात बारा लाल गुलाब, मध्ये पांढरी लिली, भोवतीनं बारीक पांढऱ्या फुलांची जिप्सी. घरी पोचले सहा गुलाब. त्यातल्या दोघांनी माना टाकलेल्या, लिलीचा पत्ता नाही, जिप्सीच्या जागी शेवंती. “शेतकऱ्यांच्या गावात फुलं पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, त्यापेक्षा मिठाई पाठवावी,” असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

तो गुच्छ मी बांधला होता.

दुकानात हार ओवताना पत्र वाचलं. तारीख जुळली, मळा जुळला, शेवंती जुळली. मुलगा म्हणाला, “आई, नाव कुठं आलंय तुझं? कुणाला कळणार हाय?” मला कळलं की. म्हणून हे पत्र. त्यांचं पत्र लहान होतं, माझं लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते.

त्या दिवशी लग्नाची दाट तिथ होती. एप्रिल संपत आलेला, ऊन मी म्हणत होतं. पहाटे मिरजेच्या फूलबाजारातून आणलेला चांगला माल दोन नवरदेवांच्या गाड्या आणि एक स्टेज यांत गेला. ११ वाजून २० मिनिटांनी मोबाइलवर मेसेज आला. मेसेज कंपनीचा नव्हे. कंपनी कुठं आहे ते मी आजवर पाहिलं नाही. कुणी बंगळूर सांगतं, कुणी गुडगाव. कंपनीकडून ऑर्डर येते कोल्हापूरच्या एका फूलवाल्याला, कारण शिरोळ तालुका त्याच्या ‘एरिया’त धरलाय. तो पन्नासेक किलोमीटर एका गुच्छासाठी कशाला येईल? तो ती माझ्याकडे ढकलतो. गुच्छाचं चित्र, पत्ता आणि “दोनच्या आत पोच, अक्का.” मला मिळणार साडेतीनशे, पोहोचवण्यासकट.

मी फोन करून म्हटलं, “साडेतीनशेत बारा गुलाब आणि लिली कशी बसवू?” तो म्हणाला, “बसतंय तेवढं टाका. फक्त फोटो चांगला काढा.”

हिशेबच सांगते. डच गुलाबाची गड्डी २० नगांची असते. एरवी शंभर-सव्वाशेला पडणारी ती गड्डी त्या दिवशी मला २६० ला पडली होती, म्हणजे एक काडी १३ रुपये. सहा काड्यांचे ७८. कागद, रिबीन, हिरवा पाला मिळून पन्नास. मळ्यात जाऊन येऊन सोळा किलोमीटर, पेट्रोल आणि पोराचा अर्धा तास. लिलियमच्या दहा काड्यांची गड्डी फोडून एकच काडी कोण देतं? आणि लिली कुरुंदवाडात रोज खपतेच कुठं, की मी ती आणून ठेवावी?

इथवर माझी बाजू. आता चूक. ते सहा गुलाब त्या दिवशीचे नव्हतेच. बादलीत आदल्या दिवशीचे उरलेले होते. प्रत्येकाच्या वरच्या दोन-तीन पाकळ्या मी काढल्या, पाण्याचा फवारा मारला आणि बांधले. हे सगळेच करतात. बाहेरची पाकळी काढली की आतला गुलाब तासाभरापुरता कालचा वाटत नाही. पण दुपारी एकच्या उन्हात मोपेडवर आठ किलोमीटर गेल्यावर त्यानं मान टाकणारच होती. हे मला बांधतानाच ठाऊक होतं. “आज जमणार नाही, उद्या सकाळी ताजा देते,” असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं की पुढच्या चार ऑर्डरी शिरोळला नाहीतर जयसिंगपूरला जातात, या भीतीनं म्हटलं नाही.

माझं दुकान एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. सासरे नृसिंहवाडीला येणाऱ्या दत्तभक्तांसाठी हार करायचे. गुरुवार आणि पौर्णिमा म्हणजे त्यांची दिवाळी. मी १९९१ साली चिकोडी तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आले, तेव्हा मराठी धड बोलता येत नव्हतं, पण सुई-दोरा येत होता. आमच्या गावात पाच मशिदींत गणपती बसतो, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. २०१८ पासून लागोपाठ तीन वर्षं मोहरम आणि गणपती एकत्र आले, तेव्हा एकाच पाटीतली शेवंती मी गणपतीलाही ओवली आणि पिरालाही. हार हाच आमचा खरा धंदा. गुच्छ फार उशिरा आला. पूर्वी इथं सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फेटा. कुणाच्या हातात नुसतीच फुलं दिली तर “ह्याचं काय करायचं?” असा चेहरा व्हायचा.

आता वर्षातला माझा सगळ्यात मोठा गुच्छांचा दिवस कोणता, विचारा. १४ फेब्रुवारी नाही. ३१ मे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून लिहून टाकायचे, त्यामुळे निम्मे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले शिपाई ३१ मे रोजी रिटायर होतात. मागच्या वर्षी त्या एका दिवशी मी ६४ गुच्छ बांधले. व्हॅलेंटाइनला मोजून एकोणीस, त्यातले अकरा तर बाहेरगावच्या नवऱ्यांनी बायकांना पाठवलेले. गावातला पोरगा गुलाब घेतो तो सुटा, एकच, आणि खिशात लपवून नेतो.

बाहेरून येणाऱ्या ऑर्डरी वाढल्या त्या लॉकडाऊननंतर. पोरं पुण्यात, हैदराबादेत, दोघं-तिघं जर्मनीत. घरी आई-वडील आणि ऊस. वाढदिवस, मातृदिन, आजीची पंच्याहत्तरी. त्या पोरांची ओढ मी रोज बघते, त्यामुळे पुण्याच्या गृहस्थांचा राग मला समजतो. पण ही फुलं पाठवण्याची जी तऱ्हा झाली आहे, ती शहरातल्या फ्लॅटसाठी बनवलेली आहे, मळ्यासाठी नाही.

रात्री बाराची पोच घ्या. चित्रात केक, फुगे, फुलं आणि दारात हसरी बाई. दोन वर्षांमागं एका पोरानं वडिलांच्या साठीला तशी ऑर्डर दिली. माझा मुलगा बारा वाजता मळ्यात पोचला. आधी कुत्री आली. मग आतून “कोण हाय रं?” आणि पाठोपाठ काठी. ज्यांची साठी होती ते घरात नव्हतेच. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती, ते उसाला पाणी पाजायला गेले होते. पोरगा बॅटरीच्या उजेडात सरीतनं चालत त्यांच्यापर्यंत गेला आणि चिखलानं भरलेल्या हातांत गुच्छ दिला. त्यांनी तो घेतला, वास घेतला, म्हणाले, “बरं झालं आलास, जरा तेवढं दार मोडून दे.” दार म्हणजे पाण्याचं, पाणी पुढच्या सरीत वळवायला मातीचा बांध फोडायचा. पोरानं दारं मोडली आणि दीड वाजता घरी आला. त्या पोचेचे कंपनीनं जादा २०० घेतले होते, आम्हाला मिळाले ४०.

फोटोचंही तसंच. कंपनीला पुरावा लागतो, म्हणून घेणाऱ्याच्या हातात गुच्छ देऊन फोटो काढायचा. आमच्याकडच्या बायका भाकरी थापत असतात, गोठ्यात असतात. “थांब, लुगडं बदलते” म्हणून आत जातात त्या वीस मिनिटं येत नाहीत. तोवर पोराला चहा, चिवडा. एका आजींनी तर फोटोसाठी शेजारच्या सुनेचा हार मागवून घातला होता. मला त्या फोटोंचा राग येत नाही. पण तेवढ्या वेळात उरलेले दोन गुच्छ उन्हात सुकतात, हे फोटो मागणाऱ्याला कोण सांगणार?

आणि चित्राप्रमाणे गुच्छ नसला की पैसे कापतात. गेल्या पावसाळ्यात एका घरात कर्ते वारले. मुलगा परदेशात, रक्षाविसर्जनालाही पोचू शकत नव्हता. त्यानं पांढऱ्या लिलीचा गुच्छ मागवला. लिली नव्हती. मी निशिगंधाच्या काड्या घेतल्या, संध्याकाळी उमलणाऱ्या, पन्नास, आणि त्यात पांढरी शेवंती घालून लांब पेंढी बांधली. रिबीन नाही, चकाकणारा कागद नाही. घरच्यांनी ती तसबिरीपाशी ठेवली. अख्खं घर घमघमत होतं, असं त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. कंपनीनं ‘फोटोशी जुळत नाही’ म्हणून माझे दीडशे कापले.

मुद्द्याचं आता सांगते. पुण्याच्या दादांना वाटतं, गावात ताजं फूल मिळत नाही. अहो, फूल गावातच आहे! आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर कोंडिग्रेच्या माळावर नव्वदच्या दशकापासून हरितगृहांत डच गुलाब पिकतो. तालुक्यात दहा-दहा, वीस-वीस गुंठ्यांत जरबेरा करणारे शेतकरी आहेत. कळीला जाळीची टोपी घालून गुलाब मोठा करतात, पहाटे कापतात, पाण्यात उभा करतात, गार खोलीत ठेवतात, वीस-वीसची गड्डी पन्हळी कागदात गुंडाळून खोक्यात भरतात आणि ते खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला, हैदराबादला जातं. माझ्या हातात पडतो तो बाजारातून फिरून आलेला माल. कधीकधी तर खोक्यावर आमच्याच भागातल्या शेतकऱ्याची खूण असते. पोर पुण्याला जाऊन शिकून येतं तसा गुलाब बाजार फिरून येतो, फक्त तो येताना म्हातारा होऊन येतो.

शेतकऱ्याला यात दोष देत नाही. त्याला रोज हजार काड्या खपवायच्या असतात, मी रोज चाळीस घेणार. पण आदल्या दिवशी मला कळलं की उद्या अमक्या घरी बारा गुलाब हवेत, तर मी बाजारात जात नाही. थेट शेडवर, म्हणजे हरितगृहावर, फोन करते आणि पोरगा सकाळी सातला बादली घेऊन जातो. ती फुलं दहा वाजता मळ्यात पोचतात. एवढं ताजं फूल पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मिळत नाही, कितीही पैसे टाका. अट एकच. आदल्या दिवशी, आणि मला सांगा. मधल्यांना नको.

दादांनी दिलेल्या १,२९९ मधले साडेतीनशे माझ्यापर्यंत आले. उरलेले ९४९ कुठं गेले ते मी विचारत नाही, जाहिरातीला पैसे लागतात, अ‍ॅपला लागतात. पण तेवढ्याच काय, ७०० रुपयांत मी त्यांच्या आईंना असा गुच्छ दिला असता की शेजारणी बघायला आल्या असत्या.

आणि चित्र बघून मागू नका, हंगाम विचारून मागा. लग्नसराईच्या आणि उन्हाच्या दिवसांत गुलाब महाग आणि नाजूक. तेव्हा निशिगंध घ्या, त्याला आमच्याकडं गुलछडी म्हणतात. किंवा ग्लॅडिओच्या काड्या, खालून वर एकेक फूल उमलत आठवडा काढतात. पावसाळ्यात फूल भिजून येतं, तेव्हा जरबेरा बरा. पितृपंधरवड्यात भाव इतका पडतो की शेतकरी झेंडू बांधावर ओततात. त्या पंधरा दिवसांत कुणी आईला फुलं पाठवत नाही, अशुभ वाटतं, त्याला माझा इलाज नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मात्र मागू नका, त्या दिवशी मला पाणी प्यायलाही वेळ नसतो.

घरी आलेलं फूल टिकवायचं कसं, हेही कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. गुच्छ आला की आधी तो सोडा. कागदात बांधलेला तसाच टीव्हीवर ठेवला की संध्याकाळी मान टाकतो. देठ बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्यातच, तिरका इंचभर कापा. मान पडते ती बहुतेक वेळा देठात हवा शिरल्यामुळं, पाणी वर चढत नाही म्हणून. मान पडलेला गुलाबसुद्धा असा कापून, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून खोल पाण्यात दोन तास उभा ठेवला तर पुष्कळदा उभा राहतो. (वर्तमानपत्र आपलंच असतं, संपादकसाहेब. पान जाड आहे.) जरबेऱ्याचा देठ पोकळ असतो, त्याला मात्र खोल पाणी नको, कुजतो, चार बोटं पुरे.

आणि फुलं केळ्यांच्या घडाशेजारी ठेवू नका. हे मी नुकसान सोसून शिकले. माझ्या दुकानाला लागून फळवाल्या भाभींचा गाडा असायचा. माझं कार्नेशन रात्रीत डोळे मिटल्यासारखं व्हायचं, पाकळ्या आत वळून. पाणी बदललं, बादली बदलली, माल देणाऱ्याशी भांडले. शेवटी शेतीखात्यातल्या एका साहेबांनी गाड्याकडं बोट दाखवलं. पिकणाऱ्या केळ्यातून एक वायू निघतो, इथिलीन, आणि कार्नेशन त्याला सगळ्यात आधी बळी पडतं. भाभींनी गाडा पलीकडं घेतला. आता त्या मला डागी केळी देतात आणि मी त्यांना उरलेला मोगरा.

गुच्छाखाली ती हिरवी वीट असते, तिच्याबद्दलही बोलायचंय. शहरात तिला फोम म्हणतात. पाणी धरते, पण तीही प्लॅस्टिकच्याच जातीची. चुरगाळली की पीठ होतं, पण मातीत मिसळत नाही. शहरात ती कचऱ्याच्या गाडीत जाते. इथं ती उकिरड्यात जाते, उकिरडा शेतात जातो. मिठानं आमच्या तालुक्यातली जमीन आधीच क्षारपड झालीय, त्यात आणखी हे कशाला? मी तीन वर्षांपासून फोम बंद केलाय. केळीचा सोप, म्हणजे खोड, कापून त्याचा तुकडा टोपलीत बसवते आणि त्यात काड्या खोचते. स्वतःचं पाणी असतंच त्यात. दिवसभर उत्तम राहतं, नंतर म्हशीला घाला. कंपनीच्या चित्रात मात्र सोप दिसत नाही, म्हणून तिथंही माझे पैसे कापले जातात. प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदी आणा म्हणून २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत चर्चा झाली, चांगलं झालं. आमच्या मंगल कार्यालयांच्या कमानी अजून प्लॅस्टिकच्याच आहेत. दरवर्षी धुऊन परत लावतात.

नदीकाठचं गाव म्हणून एक गोष्ट राहिली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात पाणी होतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे आमची पोरं पाढ्यांसारखं पाठ म्हणतात. त्या आठवड्यात आम्ही जयसिंगपूरला एका शाळेत होतो. तिथं माझ्या मोबाइलवर ऑर्डर आली. कुरुंदवाडच्या एका बाईंना वाढदिवसाचा गुच्छ. पाठवणाऱ्याला बातम्या दिसत नव्हत्या असं नाही. त्यानं तो आठ दिवस आधीच भरून ठेवला होता, आणि मशिनीला पूर कळत नाही. त्या बाई माझ्यापासून चार चटया पलीकडं झोपल्या होत्या. मी त्यांना मोबाइल दाखवला. त्या हसल्या, म्हणाल्या, “पैसे परत घ्यायला सांग त्याला, भांडी घ्यायचीत.” पैसे परत मिळाले की नाही, मला आठवत नाही. मी काही त्यात पडू शकले नाही.

आता त्या मळ्यातल्या घराकडं येते. पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी स्वतः गेले. पत्ता मोबाइलमध्ये होताच. सकाळी शेडवरून आणलेले बारा गुलाब, ठरल्याप्रमाणे, आणि वर गुलछडीच्या दहा काड्या. लिली तरीही नव्हती. आईंना सगळं सांगितलं, आदल्या दिवशीचे गुलाब, पाकळ्या काढल्या तेही. त्यांना आधी काही कळेचना. मग वडिलांनी चष्मा लावून पेपर आणला आणि मुलाचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आईंनी तोंडाला पदर लावला. “पोरानं पेपरात घातलं व्हय? आणि मी त्येला सांगितलं फुलं लई चांगली हाईत म्हणून!”

त्या सहा गुलाबांपैकी दोन त्यांनी दत्ताच्या तसबिरीला वाहिले होते, चार स्टीलच्या तांब्यात. वाळलेल्या पाकळ्या एका डब्यात होत्या. रिबीन सोडवून गुंडाळून ठेवली होती, नातीच्या केसांना. म्हणजे पुण्याच्या दादांनी फोटोत जो मोडकळलेला गुच्छ पाहिला, तो इथं सगळा कामी आला होता. यानं माझी चूक कमी होत नाही. वडील नीट म्हणाले, “बाई, चांगलं केलं आलीस. पण पुढच्या खेपेला शिळं द्यायचं असेल तर तसं सांगून दे.” मी हो म्हटलं. पैसे त्यांनी देऊ केले, मी घेतले नाहीत. पावशेर वांगी घेतली, ती मात्र नाकारता आली नाहीत. कृष्णाकाठची वांगी कोण नाकारतं?

हे पत्र लिहू का, हे मी त्यांना विचारलं आहे. नाव-गाव नको, बाकी लिही, असं दोघं म्हणाले.

कोल्हापूरच्या फूलवाल्याला मी कळवलंय की पाचशेच्या खाली आणि आदल्या दिवशी न सांगितलेली ऑर्डर मी घेणार नाही. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. बहुधा शिरोळला दुसरं कुणी शोधत असेल.

पुण्याच्या दादांना एवढंच, की तुमच्या आईंनी गुलछडीचा वास घेऊन विचारलं, हे आपल्या परड्यात येईल का? येईल. कंद माझ्याकडं आहेत, पावसाच्या आत लावायला हवेत. येत्या गुरुवारी पंचवीस कंद घेऊन मी जाणार आहे. खड्डे काढून ठेवायला वडिलांना सांगितलंय.

आपली,
एस.टी. स्टँडजवळची फूलवाली
कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)